दूध उतू घालवायचं राहिलं

कमलाकर देवधर रिटायर झाले आणि त्यांच्या अंगात आलं. जन्मभर लंडनच्या हिथ्रो विमानतळावर कार्गोत ओव्हरटाइम केलेला माणूस, आता म्हणे इथली थंडी सोसत नाही. पुण्याला जावं, तर वडिलांच्या फ्लॅटवरून धाकट्या भावाशी बोलणं बंद. मँचेस्टरला मुलीकडे राहावं, तर जावयाच्या दारात पडायचं नाही. मग कुठं? तर दक्षिण अमेरिकेत! टीव्हीवर इंग्रज म्हातारे इक्वेडोरच्या उन्हात कॉफी पिताना दिसले, झालं, ह्यांचं ठरलं. विमानतळाजवळचं हाउन्सलोचं घर विकायला काढलं, व्यवहार ऋजुतावर, म्हणजे मुलीवर, सोपवला आणि बायकोला घेऊन निघाले नवं घर शोधायला.

बायको शशी. चौऱ्याहत्तर साली ती हाउन्सलोच्या घरात आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं पातेल्यात दूध तापत ठेवलं होतं. नव्या घरात दूध उतू घालवायचं, म्हणजे घर भरलेलं राहतं. आपल्याकडे सगळेच करतात. दूध वर यायला लागलं आणि कमलाकरांनी गॅस बंद केला. "अगं, हे काय आपलं घर आहे? पाच वर्षांत परत जायचंय. आपल्या घरात घालव हवं तेवढं." ती पाच वर्षं काही संपली नाहीत. मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन गेली, आणि कपाटावरच्या दोन मोठ्या बॅगा तशाच वाट बघत राहिल्या. शशीनं पुन्हा विषय काढला नाही. पण या वेळी निघताना तिनं ते जुनं पातेलं साडीत गुंडाळून घेतलं. कमलाकरांनी ते पाहिलं आणि मनातून खूश झाले. यंदा हिची हौस पुरवायचीच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

ठरवायला काय जातंय! पहिलं गाव इक्वेडोरमधलं कुएन्का. नदीकाठी दोन खोल्यांचं घर, खिडकीत फुलझाडं. शशी म्हणाली, "छान आहे हो." हे म्हणाले, फार उंचावर आहे, धाप लागते. मग पेरूतलं आरेकिपा. तिथं गावाच्या डोक्यावर ज्वालामुखी, त्याचा काय भरवसा? मग बोलिव्हियातलं सुक्रे, पांढरंशुभ्र गाव. तिथल्या घरमालकीणबाईंनी शशीचा हात धरून अंगणातलं लिंबाचं झाड दाखवलं. एकीला दुसरीचा शब्द कळत नव्हता, तरी दोघी हसत हसत कितीतरी वेळ तिथंच उभ्या होत्या. शशीनं कोपऱ्यावरून दूधही आणून ठेवलं. संध्याकाळी हे म्हणाले, "पायऱ्या बघितल्यास का? गुडघे राहतील का आपले?" ते दूध चहात संपलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

अर्जेंटिनात साल्टाच्या बस स्टँडवर शशी बाकावर बसली ती उठेचना.

"अहो, पुरे आता. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं चाललंय आपलं. मला घरी जायचंय."

"कुठल्या घरी?"

"हाउन्सलोच्या. दुसरं कुठलं आहे मला?"

कमलाकरांना आधी तिचा राग आला, मग स्वतःचा. एवढी वर्षं ज्या घराला ते घर म्हणायला तयार नव्हते, तिथं ही कधीच रुजून बसली होती आणि ह्यांना पत्ता नव्हता. त्यांनी तिथूनच ऋजुताला फोन लावला. म्हणाले, विक्री थांबव.

"बाबा, आता कसा थांबवू?" ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "कॉन्ट्रॅक्ट्स एक्स्चेंज झाले, आता मागे नाही जाता येत. घर विकला, बाबा. तुम्हीच म्हणाला ना, पटकन कर?"

म्हणाले होते खरे. घर गेल्याचं शशीला सांगताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "बरं," एवढंच ती म्हणाली.

परत आल्यावर मँचेस्टरलाच जायचं होतं, मुलीच्या मागच्या खोलीत. पण कपाटावरच्या त्या दोन बॅगा घर रिकामं करताना ऋजुतानं हाउन्सलोच्या बागेतल्या शेडमध्ये ठेवल्या होत्या, म्हणून विमानतळावरून आधी तिथं गेले. दार एका मुलीनं उघडलं. अंगावर काठापदराची साडी, पायांत लोकरीचे मोजे.

"तुम्ही देवधर काका-काकू ना? ऋजुतानं कळवलं होतं, बॅगांसाठी याल म्हणून. मी स्वराली, पुण्याचीच. आजच राहायला आलोय, माझा नवरा अनुप सामान लावतोय वर. या ना आत."

स्वयंपाकघरात ओट्यावर दुधाचा डबा, हळदीकुंकू, सगळं मांडलेलं. स्वरालीनं शशीचे दोन्ही हात धरले. "काकू, दूध उतू घालवायचंय. घरात मोठं कुणी नाही. तुमच्याच हातानं होऊ दे ना."

"आम्हाला ट्रेन गाठायचीय," कमलाकर म्हणाले.

शशीनं कोट काढून खुर्चीवर ठेवला. पिशवीतून साडीत गुंडाळलेलं पातेलं काढलं, विसळलं, त्यात दूध ओतलं. "मागचा बर्नर लाव गं. पुढचा भडकतो," ती म्हणाली. मग पदर खांद्यावर घेऊन ती शेगडीसमोर उभी राहिली. कमलाकर दारातच थांबले. आपण या बाईला जन्मभर पाहुणी करून ठेवलं, हे त्यांना आत्ता कळत होतं. दूध वर आलं. गॅसच्या बटणाकडे या वेळी कुणाचाच हात गेला नाही. ते काठावरून ओघळलं, शेगडीवर चरचरलं, जळक्या दुधाचा वास घरभर झाला. स्वराली टाळ्या वाजवायला लागली.

शशीनं हळदीकुंकू वाहिलं, त्या पोरीच्या कपाळाला लावलं. शेगडी पुसली. पातेलं घासून, कोरडं करून खिडकीशेजारच्या फळीवर पालथं घातलं, नेहमीच्या जागी.

तोवर कमलाकरांनी शेडमधून बॅगा ओढत आणल्या होत्या. "चल," ते म्हणाले.

"काकू, तुमचं पातेलं राहिलं," स्वराली मागून म्हणाली.

"राहू दे गं तुला," शशी कोटाची बटणं लावत म्हणाली. "आम्हाला आता कुठं घर करायचंय."