गुरुजींनी खणलं नाही

धन्यकुमार चौगुले गुरुजींना शहाण्णवच्या चातुर्मासात दोन गोष्टी मिळायच्या होत्या, आणि दोन्ही फुकटात मिळतील असा त्यांचा अदमास होता.

पहिली, व्रताचं चौदावं वर्ष. आषाढापासून कार्तिकापर्यंत जमिनीला लोखंड लावायचं नाही, हिरवं उपटायचं नाही आणि कंदाला तर बोटसुद्धा नाही, असा नेम त्यांनी मुनिमहाराजांपुढं घेतला होता. तेरा वर्षं तो केसभर ढळला नव्हता.

दुसरी, टेकडी. कडेगाव आणि पलूस यांच्यामध्ये चिलखोबाचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याचं चाळीस एकर रान एका संस्थेनं राखायला घेतलं होतं, आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर विज्ञानाचे चौगुले गुरुजी तिथं देशी झाडांचा संग्रह सांभाळत होते. प्रत्येक झाडाला पत्र्याची पट्टी, पट्टीवर नंबर, नंबराची नोंद वहीत. रानाला लागून असलेला उतार एका खडीवाल्यानं खाणीसाठी मागितला होता. त्या उतारावर खरपुडी होती: बोटभर वेल, कंदिलासारखं फूल, खाली लाडवाएवढा कंद. सातारच्या कॉलेजातल्या शरयूताईंचं म्हणणं पडलं की ही खरपुडी निराळी दिसते, तसं ठरलं तर खाण अडवता येईल. पण फूल बघितल्याशिवाय तशा अहवालावर सही करणार नाही, असंही त्या म्हणाल्या. उतारावरच्या वेली त्या साली शेळ्यांनी खुडलेल्या. फुलं होती ती फक्त संग्रहातल्या वाफ्यात, त्याच उतारावरून आणलेल्या त्रेचाळीस कंदांना. ताई रविवारी येणार होत्या.

आता कंदाला बोट न लावणारा माणूस कंदांचा वाफा कसा सांभाळतो, असं कुणी विचारलं की गावात हसू फुटायचं. त्याचं उत्तर होतं हरिबा.

हरिबा धनगर, साठी ओलांडलेला. चाळीस वर्षं मेंढरांमागं डोंगर तुडवून आता रानात रोजंदारीवर राखणदार. कुठली वेल कुठल्या धोंड्याआड, हे त्याच्या पायांना ठाऊक होतं. पण दोघांच्या कामाची रीत बघण्यासारखी होती. गुरुजींच्या जैन धर्मात पाप स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केल्यावर बरं म्हणणं, तिन्हींचं वजन सारखं. म्हणून चातुर्मासात गुरुजी 'खण' असं कधी म्हणाले नाहीत. ते नुसतं म्हणायचे, "इथली माती घट्ट झालीय." मग पाठ फिरवून पलीकडच्या झाडाची पट्टी वाचत उभे राहायचे. वळून बघेपर्यंत माती भुसभुशीत. त्यावर 'छान' म्हणायचीही सोय नव्हती, म्हणून म्हणायचे, "चहा घेणार का हरिबा?"

"घेतो की," हरिबा म्हणायचा. "गुर्जी, तुमचं बरं हाय. पुण्य तुमाला, ढेकळं मला."

"तसं काही नाही रे."

"आसू द्या. माजी पापाची वही लय जाड हाय. एक पान वाढलं तर कळायचं बी न्हाई."

गुरुजी हसायचे. या व्यवहारात कुणाचं काही जात नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

गौरीच्या सणाला रानावरचे बाकीचे दोन्ही गडी आपापल्या गावी गेले आणि नेमकी बुधवारी झड लागली. दुष्काळी मुलूख, पाऊस मोजून पडणारा, पण त्या दोन दिवसांत त्यानं मोजणं सोडलं. वाफ्याच्या खालच्या अंगाला दगडी ताल, पाणी अडवायचा बांध, होती. तिची मोरी गाळानं बुजली आणि गुरुवारी दुपारपर्यंत वाफ्यात घोट्याच्या वर पाणी. कंद दोन दिवस पाण्यात राहिला की आतून सडतो. गुरुजींनी बादली घेतली आणि उपसायला लागले. वरून पडत होतं त्याच्या निम्मंही बाहेर जाईना.

मोरीपुढं चर मारला असता तर अर्ध्या तासाचं काम. मातीच्या ढेकळासकट वेली उचलून पाटीत घेतल्या असत्या तर दोन तासांचं. खोरं रानातल्या खोलीच्या कोपऱ्यात उभं होतं. हरिबा मात्र आठ दिवस तापानं अंथरुणाला खिळलेला, छाती भरलेली, कडेगावच्या डॉक्टरनं घराबाहेर पडायचं नाही म्हणून बजावलेलं.

संध्याकाळी घरी येऊन गुरुजींनी हे बायकोला सांगितलं. चंदनबालाबाईंचं दशलक्षणाचं एकासन चालू होतं, दिवसातून एकदाच जेवण, त्यामुळं बोलणं आणखीच काटेकोर.

"मग जावा की, खणा," त्या म्हणाल्या. "महाराजांकडं जाऊन प्रायश्चित्त घ्या. आठ उपास देतील. चार मी करते."

"तेरा वर्षं झाली, चंदन."

"तेरा वर्षं काय बँकेत ठेवलीयासा?"

गुरुजींनी पायांत चपला सरकवल्या. छत्री घेतली आणि हरिबाच्या घराकडं निघाले. नुसतं त्याला बघून यावं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सांगितलेलं पटलंसुद्धा.

हरिबा घोंगड्यात गुंडाळून भिंतीला टेकला होता. बोलताना छातीत घरघर. त्याची बायको हौसाबाई चुलीपाशी काढा उकळत होती.

"कसं आहे?"

"हाय बरं. पाऊस काय म्हंतोय वाफ्यात?"

"पाणी साठलंय."

"किती?"

"घोट्याच्या वर."

हरिबानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "मंग तुमी काय करतासा?"

"बादलीनं उपसतोय."

"बादलीनं? मासं गावलं तर मला बी आणा." तो हसला आणि हसण्याचा खोकला झाला, तो बराच वेळ थांबला नाही.

हौसाबाई चुलीपासून न उठता म्हणाली, "गुर्जी, ह्यांच्या अंगात लय ताप हाय."

"मी कुठं चल म्हणतोय, हौसाबाई?"

ते खरंच म्हणाले नव्हते. एवढंच म्हणाले की शरयूताई रविवारी यायच्या आहेत. मग काढ्यात आलं घाला म्हणाले. आलं म्हणजे कंदच, ते स्वतः खात नसत, पण औषधाची गोष्ट वेगळी. आणि उठले.

शुक्रवारी उजाडताना गुरुजी रानात पोचले तर वाफ्याशी हरिबा. डोक्यावरून घोंगड्याची खोळ, गुडघाभर चिखलात, आणि मोरीपुढचा चर मारून झालेला. पाणी वाहत होतं. वाफा मात्र चिखल झाला होता, म्हणून तो एकेक वेल बुडाच्या मातीसकट उचलून पाटीत ठेवत होता. कंदाची मान कुठं आहे ते त्याची बोटं चिखलात न बघता शोधत होती. दुसऱ्या कुणाच्या हातून निम्म्या तुटल्या असत्या.

गुरुजी धसकले. त्याचबरोबर, त्याच क्षणी, जीव भांड्यात पडला. या दोहोंतलं आधी कुठलं, हे त्यांनी पुढं शंभर वेळा आठवून बघितलं.

"हरिबा, तू कशाला..."

"छत्री धरा. पाटीवर धरा, फुलं झडत्याल."

गुरुजींनी छत्री पाटीवर धरली. दोन तास धरली. हरिबा भिजत राहिला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस वेली खोलीत रांगेनं लागल्यावर तो उंबऱ्यात बसला, ओठ निळे पडलेले. गुरुजींनी स्टोव्ह पेटवला आणि सवयीनं विचारलं, "चहा घेणार का हरिबा?"

या खेपेला हरिबा 'घेतो की' म्हणाला नाही. त्याला बोलता येत नव्हतं.

दुपारी जीप मिळाली. कराडला लागून मलकापूर आहे, तिथल्या दवाखान्यात त्याला नेलं. दोन्ही फुप्फुसं भरलीयेत, असं तिथले डॉक्टर म्हणाले. रविवारी शरयूताई आल्या, भिंग लावून फुलं बघितली, अडतीस फुललेल्या वेली मोजल्या. "इतक्या पावसात एकही गेली नाही? कुणी काढल्या या?" गुरुजींनी नाव सांगितलं. ताईंनी ते कागदाच्या कडेला लिहून घेतलं आणि खाली सही केली. मंगळवारी पहाटे हरिबा गेला.

दहाव्यानंतर गुरुजी त्याच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत तीनदा जुळवलं होतं. उंबऱ्यात बसले आणि सगळं विसरले.

"हौसाबाई, त्या दिवशी मी यायला नको होतं."

"तुमी काय बोलला न्हाईसा, गुर्जी," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "मी हितंच हुते. खण म्हनला न्हाईसा, चल म्हनला न्हाईसा. कुणी इचारलं तर मी साक्ष दीन."

एवढी मोठी सूट आयुष्यात त्यांना कुणी दिली नव्हती. मान खाली घालून ते बसून राहिले. ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली, तरी त्यांना उठायचं सुचेना. शेवटी तीच म्हणाली, "जावा आता. अंधार पडायच्या आत घरी जावा."

महाराजांकडंही ते गेले. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं, उपास सांगितले, आणि म्हणाले, उपास तुमच्या मनाला आहेत, त्या माणसाला काही पोचायचं नाही. गुरुजींनी सांगितले त्याच्या दुप्पट केले. चंदनबालाबाईंनी आपले चार मागितले नाहीत, की ताटावर बसल्यावर त्यांच्याकडं बघितलंही नाही.

कार्तिकात नेम सुटला आणि गुरुजींनी खोरं हातात घेतलं. वेली वाळल्या होत्या, कंद वाफ्यात परत घालायचे होते. किती खोल, ते वहीत कुठंच लिहिलेलं नव्हतं. वहीत नंबर होते, तारखा होत्या, जातींची लॅटिन नावं होती. खोली हरिबाच्या बोटांत होती. गुरुजींनी अंदाजानं घातले. पुढच्या पावसाळ्यात सतरा उगवले.

तर जमाखर्च असा झाला. उतार वाचला. खडीवाल्यानं दुसरा डोंगर बघितला, त्याचंही काही अडलं नाही. शरयूताईंचा अहवाल छापून आला, त्यात चौगुले गुरुजींचे आभार दोनदा आणि हरिबाचं नाव तळटीपेत. संस्थेला वाहवा मिळाली. गुरुजींचं चौदावं वर्ष निर्दोष पार पडलं. देवळात लोकांनी तसं म्हटलं तेव्हा ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. सव्वीस कंद गेले. आणि हे सगळं ज्यांच्या जिवावर झालं त्यांत हरिबानं एकदाच दिलं आणि सुटला. हौसाबाई मात्र त्याच्या जागेवर रोजंदारीला लागली. अजून ती सकाळी आठला कामावर येते आणि तिन्हीसांजेला, आत वाट बघणारं कुणी नसलेल्या घराचं कुलूप स्वतःच्या हातानं काढते.