तुंब्यातले एकोणपन्नास गोटे

गोपालचं तोंड पाह्यलं का माझं डोकंच फिरते. आमच्या ढिवरांच्या तलावात ओळीनं नंबरचे खुंटे गाडले आहेत. दरसाल चिठ्ठ्या निघतेत, एकेका घराले जाळं टाकाले लागूनलागून तीन खुंटे भेटतेत. तिन्ही नंबर मिळून जेवढे होतीन तेवढे गोटे वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात टाकायचे, तोंडाले मेण लावायचं आन् तुंबा घरी टांगायचा. जुन्या लोकायले लिहिता येत नव्हतं, तवापासूनची रीत. तुंबा खोटा निघाला तं त्या घराचं जाळं सालभर तलावात पडत नाई.

यंदा मले पंधरा, सोळा, सतरा लागले. अठराव्याले खोल पाणी, मोठे रोहू तिथीच. आन् तो गोपालले! काऊन? दरसाल त्यालेच? मी मेण काढलं, अठ्ठेचाळीस गोट्यात एक टाकला, पुन्हा मेण लावलं. खुंटा एक पुढं, तं गोटाही एकच. मंग अठरावा माझा म्हणून भांडाले उभी राह्यली.

आमच्यातले म्हातारे बापूजी, त्यायनं सगळ्यायले तलावाच्या पारीवर बोलावलं. गोपालच्या तुंब्यात सत्तावन्न निघाले, माझ्यात एकोणपन्नास. मी वरडून सांगतलं का मेण जसंच्या तसं आहे, एक गोटा आला नाई का गेला नाई. गोपाल हासला आन् माझ्याच पोरीले हिशेब कराले लावला. करिष्मा नववीत आहे. मले वाटलं, बरं झालं, पोरगी आपली आहे.

तिनं काडीनं मातीत मांडलं. पहिला खुंटा क्ष, दुसरा क्ष अधिक एक, तिसरा क्ष अधिक दोन. मिळून तीन क्ष अधिक तीन. गोपालच्या सत्तावन्नातून तीन गेले, चोपन्न, त्याले तिनानं भागलं, अठरा. बरोबर बसलं. माझ्या एकोणपन्नासातून तीन गेले, शेहेचाळीस. त्याले तिनानं भाग जाईना. तिनं पुसून पुन्हा मांडलं. मी दात खाऊन तिले चूप बस म्हणलं, पण बापूजी विचारूनच राह्यले होते.

"एक गोटा जास्त आहे, नाई तं दोन कमी," ती बोलली.

दोन पडले असतीन, असं मी म्हणणार होती. पण मेणाचं मीच आताच वरडून सांगतलं होतं. करिष्मानं माझ्याकडं पाह्यलं.

"आई, खुंटा एक सरकला का गोटे तीन वाढतेत. तू एकच टाकला."

सगळ्यायच्या पुढं! मी तिच्या कानाखाली वाजवली. अजून हात शिवशिवते माझा. बापूजीनं आमचं जाळं मागतलं. मी जागची हालली नाई. ते आणाले घरी करिष्माच गेली.