पितळी डबी आणि अ‍ॅम्प्लिफायरवरचा एक दिवा

हॉल गच्च भरला होता. साऊंडवाले, लायटिंगवाले, डीजे आणि त्यांचे सगेसोयरे खुर्च्यांच्या टोकावर बसले होते आणि स्टेजवर एक माणूस डोळे मिटून उभा होता. त्याला सगळे नादवैद्य म्हणत. टेबलावरचा गाणी वाजवायचा कंट्रोलर आमचा, लॅपटॉप आमचा, दोन्ही बाजूंचे स्पीकरही आमचेच. कंट्रोलरवर पांघरलेलं काळं मखमली कापड आणि हातातली, विकायला आणलेली पितळी डबी तेवढी त्याची.

"आधी मेलेला आवाज ऐका," तो म्हणाला.

गाणं वाजलं. रोज वाजतं तसंच, बरं वाजलं. मग त्यानं ते थांबवलं, डबी कापडाखाली सरकवली, वर तळवा ठेवला आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटला.

"आता जिवंत आवाज ऐका."

खोटं कशाला सांगू, गाण्यावरची धूळ कुणीतरी झटकल्यासारखं मलाही वाटलं. झांजांची किणकिण वर आली, गाणाऱ्या बाईचा श्वाससुद्धा ऐकू आला. टाळ्या पडल्या.

"विजेत मळ असतो," नादवैद्य सांगू लागला. "तारेतून येता येता ती घराघरातली भांडणं गोळा करते. माझी डबी तो मळ पिते. मग कंट्रोलर कुठलाही घ्या, सॉफ्टवेअर कुठलंही टाका, आवाज राजाचाच येणार."

आमच्या घरच्या तारेला ती डबी लावली असती तर पहिल्याच दिवशी फुटली असती. पण मला हसू आलं नाही. पहिल्या रांगेत माझा थोरला मुलगा रडत होता.

थोरल्यानं वीस वर्षं स्पीकरच्या शेजारी उभं राहून साऊंडचा धंदा केला. त्याच्या कानात रात्रंदिवस शिट्टी वाजते आणि बारीक आवाज ऐकू येत नाहीत. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण चार वर्षं तो कबूल करायला तयार नव्हता. शेवटी सुनेनं कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तेवढ्यात हा नादवैद्य घरी उगवला. म्हणाला, "कान गेलेले नाहीत, मळक्या आवाजाला विटलेत. महिनाभर शुद्ध आवाजात बसा. पण डॉक्टरकडे गेलात तर डबीचा गुण उतरेल." थोरल्यानं लगेच फोन करून वेळ रद्द केली. मी चार दिवस बोलत राहिले, मग दमले. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं ऐकतो कोण?

मी नेहमीप्रमाणे स्टेजच्या मागे बसले होते. आमच्या ह्यांनी धंदा सुरू केला तेव्हापासून माझी जागा तीच, अ‍ॅम्प्लिफायरपाशी. तो तापतो, त्याच्याकडे कुणीतरी बघावं लागतं. आवाज चढला की त्याच्या तोंडावर एकावर एक दिवे लागत जातात. त्याखाली इंग्रजीत लिहिलेलं मला वाचता येत नाही, पण दिवे मोजता येतात.

मेलेल्या आवाजाला तीन दिवे होते. जिवंत आवाजाला चार.

म्हटलं, असेल योगायोग. पण एका टकल्या लायटिंगवाल्यानं पुन्हा दाखवा म्हणून हट्ट धरला, तेव्हाही तीन आणि चार. तिसऱ्यांदा तेच. मी सुनेला खुणेनं बोलावलं. आमच्याकडे कंट्रोलर तीच चालवते.

"काय झालं आई?"

"डबी आली की दिवा वाढतो बघ. मळ गेला तर आवाज साफ व्हावा. मोठा कशाला होतोय?"

तिनं एक फेरी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "दुकानदारांची जुनी खोड आहे ही. जो माल खपवायचा तो किंचित मोठा वाजवतात. किंचित मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. दुकानात हा कंट्रोलर निवडताना म्हणूनच मी आधी दोन्ही कंट्रोलरचे दिवे सारखे करायला लावले होते, आठवतंय? आणि हा मधे थांबून पुटपुटतो ते मंत्रासाठी नाही. तेवढ्या वेळात आधीचा आवाज लोक विसरतात."

"मग आता डबी आत असतानाच अ‍ॅम्प्लिफायर उतरव. तीन दिव्यांवर आण."

तिनं अ‍ॅम्प्लिफायरचा नॉब हळूच मागे घेतला. किणकिण विझली, श्वास गेला. लोक एकमेकांकडे बघू लागले. नादवैद्यानं डोळे उघडले.

"मागे कुणी हात लावला?"

"आम्ही," म्हणत मी स्टेजवर चढले. "डबी जागेवर आहे ना?"

"आहे."

"मग मळ कुठून आला?"

"मावशी, तुमची श्रद्धा नाही. डबी बुजते."

"बुजायला ती काय म्हैस आहे?"

मागच्या रांगा हसल्या. त्यानं घाईनं डबी काढून छातीशी धरली आणि सुनेनं तेवढ्यात नॉब पूर्ववत केला. डबी त्याच्या मुठीत, आणि गाणं पुन्हा जिवंत.

मी कापड ओढलं. कंट्रोलरवरच्या आवाजाच्या नॉबवर एक पांढरी रेघ असते. सून ती सरळ उभी ठेवते. आता ती उजवीकडे कलली होती. कापडाखाली डबीबरोबर त्याचं बोटही जात होतं, एवढाच चमत्कार. लायटिंगवाल्यानं डबी हिसकावून उघडली. आत वाळू होती.

थोरला जागचा हलला नाही.

"पण मला ऐकू आलं, आई," तो म्हणाला. "तिचा श्वास मला ऐकू आला."

"आवाज वाढला म्हणून आला रे."

"मग वाढवूनच ऐकत जाईन."

"तेच करत आलास. म्हणून ही वेळ आली."

तो उठून बाहेर गेला. गर्दीचं लक्ष नादवैद्याला शिव्या देण्यात होतं. मघाशी टाळ्या वाजवणारेच सगळ्यांत जोरात ओरडत होते. मला त्यांचाही कंटाळा आला. सुनेनं तिथूनच फोन करून डॉक्टरांची वेळ पुन्हा घेतली.

तपासणीच्या खोलीला काच होती. थोरल्याला हेडफोन लावून बसवलं, आवाज आला की हात वर करायचा. डॉक्टरीणबाई एकेक बटण दाबत होत्या आणि त्याचा हात मांडीवरच होता. मी काचेतून बघत उभी राहिले. शेवटी तो बाहेर येऊन म्हणाला, "मला ऐकू येत नाही." मग बाईंनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळता येईल. कामावर कानात बोळे घालायचे, आवाज कमी ठेवायचा आणि एका कानाला यंत्र लावायचं. तो घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. अजूनही नीट बोलत नाही. त्याचा आनंद मी हिरावला असं त्याला वाटतं, आणि ते अगदीच खोटं नाही.

नादवैद्य आता दुसऱ्या कुठल्या तरी हॉलमध्ये डोळे मिटून उभा असेल, म्हणून हे लिहिते. आमच्या डबीनं, दोऱ्यानं, हातानं आवाज सुधारतो, कान उघडतात असं कुणी म्हणालं तर भांडू नका. कापड काढ आणि दोन्ही आवाज सारखे करून दाखव, एवढंच सांगा. तो चिडला तर काय ते समजा. आणि स्वतःला ऐकू येत नसेल तर चारचौघांत सांगा, मला ऐकू येत नाही. माझ्या लेकाला हे वाक्य बोलायला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत जे गेलं, ते कुठल्याच नॉबनं परत येत नाही.