धाकट्याची फुगलेली रेघ

दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेघ, हे सत्य त्रिकालाबाधित आहे. राज्यं बुडाली, देव बदलले, पण या सत्याला कुणी धक्का लावू शकलं नाही. तो लागला एका सोमवारी सकाळी, तिसऱ्या मजल्यावरच्या एका ऑफिसात, चहा यायच्या आधी.

"हे बघ," तराजू म्हणाला. "इथे. पोट सुटलंय हिला."

दाढीवाला त्याच्या खुर्चीमागे येऊन वाकला. स्क्रीनवर बस कंपनीचं वेळापत्रक होतं. उभ्या रेघा, आडव्या रेघा आणि चौकटींत गाड्यांच्या वेळा. ते पान दाढीवाल्यानेच बनवलं होतं.

"कुठे, काका? मला तर सरळ दिसतेय."

"तुला दिसणारच. आपला तो बाब्या."

तराजू हे अर्थात त्याचं नाव नव्हतं. ऑफिसने ते त्याच्या कामावरून ठेवलं होतं. कंपनी लोकांना वेबसाइट बनवून देई, आणि तयार झालेलं प्रत्येक पान चार ब्राउझरांत उघडून ते कशात लवकर उघडतं, कशात काय चालतं आणि कशात कसं दिसतं, हे सांगायचं काम तराजूचं. परक्या माणसाला सगळे ब्राउझर सारखेच वाटतात, पाहुण्याला घरातले सगळे भाऊ सारखे वाटावेत तसे. तराजू मात्र त्यांना पोसलेल्या नातेवाइकांइतका ओळखत होता. थोरला अंगाने दांडगा. यंत्राची सगळी मेमरी एकटा खाणार, पण घरात चालतं त्याचंच. मधला तत्त्वनिष्ठ, पान नियमाने बनवलं असेल तर सुंदर दाखवणार, नसेल तर तोंड फिरवून बसणार. धाकटा चपळ, हलका, जरा उतावळा. आणि म्हातारा. त्याला जन्म देणाऱ्या कंपनीनेच त्याच्या नावाने आंघोळ केली होती. तरी कितीतरी कचेऱ्यांत तो अजून कोपरा धरून होता, आणि त्याला बाहेर काढायचा धीर कुणाला होत नव्हता.

बस कंपनीला आपल्या सगळ्या तिकीट खिडक्यांवर यांपैकी एकच ब्राउझर ठेवायचा होता. कोणता, ते ठरवण्यासाठी तिने तुलना मागवली होती. वेगात धाकट्याने बाकीच्यांना धूळ चारली. सोयींतही तो कमी नव्हता. आता दिसण्याचे गुण द्यायचे होते, आणि नेमकी तिथेच वेळापत्रकाची मधली रेघ फुगली.

तराजू उगीच कुणावर आळ घेणारा माणूस नव्हता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीचं जसंच्या तसं ठेवायचं, हा त्याचा नियम. त्याने स्क्रीन बदलला. केबल बदलली. दिवे घालवून पाहिले. पलीकडच्या टेबलावरच्या शेजारणीच्या खुर्चीत बसून पाहिलं. त्यावरून शेजारीण आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. रेघ फुगलेलीच. थोरल्यात आणि मधल्यात मात्र ती ठीक वाटे. ते दोघे रेघा जाड आणि करड्या काढत. धाकटा बारीक, काळ्याभोर काढी. म्हणजे चोर सापडला. नाचता येत नाही त्याला अंगण वाकडं असतं. तराजूला नाचता येत होतं, सगळं आयुष्य त्याने त्यावरच काढलं होतं. तेव्हा अंगण वाकडंच असणार याबद्दल त्याला शंका उरली नाही.

दाढीवाल्याने तक्रार 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून परत पाठवली. तराजूने ती पुन्हा उघडली. असं बऱ्याचदा झालं. दाढीवाल्याच्या डोक्यावर आणखी तीन गिऱ्हाइकांची पानं होती, आणि उघडी राहिलेली तक्रार त्याच्याच नावावर चढत होती. शेवटी एके दुपारी तो चहाचा कप हातात घेऊन आला आणि केलंय, बघा आता, असं म्हणाला. त्याने काहीही केलेलं नव्हतं.

तराजूने चष्मा पुसला. भिंगं जाड होती, लहानपणापासूनच. तो बराच वेळ बघत राहिला.

"हं," तो म्हणाला. "पुष्कळ बरी आहे."

त्याने तक्रार बंद केली. दाढीवाल्याने सुटकेचा श्वास टाकला आणि दोघांनी मिळून चहा घेतला. एखाद्याच्या समाधानासाठी खोटं बोलावं, त्यात पाप नसतं, असं दाढीवाल्याची आई सांगत असे.

पुढे रेघ पुन्हा फुगली. मग ती मधल्यातही फुगली, मग थोरल्यातही. ब्राउझर रात्रीतून आपापली नवी आवृत्ती घेतात हे तराजूला माहीत होतं. एकाची खोड दुसऱ्याला लागली असणार, असं त्याने धरलं. फक्त म्हातारा सगळं इतकं ठसठशीत दाखवी की त्याच्यात काही वावगं जाणवत नसे. अहवालात दिसण्याच्या रकान्यात तराजूने लिहिलं: म्हातारा, निर्दोष. धाकट्याला सर्वांत कमी गुण. ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनी भुवया उंचावल्या, पण तराजूचा शब्द म्हणजे शब्द. त्यांनी अहवाल बस कंपनीकडे धाडला.

तराजूची बायको एका दुकानासाठी शाळेचे गणवेश शिवत असे. कापड चौकड्यांचं. खिशाच्या चौकड्या सदऱ्याच्या चौकड्यांशी जुळल्या नाहीत, की दुकानदार माल परत पाठवी. म्हणून शिवलेला प्रत्येक खिसा ती नवऱ्याच्या नजरेखालून घाली. घरात इन्स्पेक्टर फुकट मिळालाय तर वापरावा, असं तिचं म्हणणं.

त्या संध्याकाळी इन्स्पेक्टरने खिसा नापास केला. तिने उसवून पुन्हा शिवला. पुन्हा नापास. तिसऱ्यांदा तिने उसवला नाही. खिशावर लाकडी फूटपट्टी ठेवली आणि सदरा त्याच्यासमोर धरला.

"पट्टी तरी सरळ आहे का?"

त्याने पाहिलं. "नाही."

"अहो, पट्टी आहे ती."

तिने पट्टी तशीच धरून ठेवली. मग सुईत दोरा ओवताना ती स्वतः करी तसं त्याला करायला सांगितलं. "एक डोळा मिटा बघू."

त्याने उजवा मिटला. पट्टी सरळ. मग डावा मिटला. पट्टी मधोमध खचली, आणि जिथे आकडे असायला हवे होते तिथे, ओल्या शाईवरून कुणी अंगठा फिरवावा तसा डाग होता. त्याने पुन्हा उजवा मिटला, पुन्हा डावा. स्क्रीन, केबल, दिवे, खुर्ची. एवढी एकच गोष्ट बदलून पाहायची राहिली होती.

"कधीपासून होतंय हे?"

"धाकट्यात दिसायला लागलं तेव्हापासून."

धाकटा कोण ते तिला कळलं नाही. त्यांना एकच मुलगी होती. पण तिने विचारलं नाही. मशीनवर झाकण घातलं आणि दवाखान्याला फोन लावला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, फोटो काढले आणि फोटो त्याच्याकडे वळवले. मोठ्या नंबरवाल्यांच्या डोळ्यातला पडदा ताणलेला असतो, त्यामागे नको तिथे रक्तवाहिनी फुटते, पाझरते, सरळ रेघा फुगलेल्या दिसू लागतात. तेव्हाच इंजेक्शन सुरू केलं तर बहुधा थांबतं. इथे आता व्रण पडला होता. इंजेक्शनं द्यायचीच, पण ती आहे ते राखायला. गेलेलं परत येणार नव्हतं. डाव्याचंही काही सांगता येत नव्हतं. त्यावर रोज लक्ष ठेवायचं.

"मध्ये कधी बरं वाटलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"एकदा. पुष्कळ बरं."

त्यांनी मान हलवली. असं होत नाही, म्हणाल्या. माणसाला वाटतं.

बायको बाहेर बाकावर बसली होती. त्याने तिला फक्त डाव्याबद्दल सांगितलं, की तो चांगला आहे.

ऑफिसात आल्यावर तो आधी मॅडमकडे गेला. आपल्या रेघेच्या सगळ्या तक्रारी खोट्या होत्या, त्या मागे घ्यायच्या आहेत आणि अहवाल दुरुस्त करायचा आहे, असं त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. मॅडमनी त्याला बसवलं, पाणी दिलं. अहवाल गेला तो गेला, आता उकरून काढू नका, त्या समजुतीने म्हणाल्या. तुलना करणाऱ्याला एकाच डोळ्याने दिसतं हे बाहेर कळलं, तर बाकीची गिऱ्हाइकंही आपापले अहवाल घेऊन दारात येतील. यापुढे त्याने वेगाचं काम बघावं. त्याला घड्याळ पुरतं.

मग तो दाढीवाल्यापाशी गेला.

"त्या दिवशी काय दुरुस्त केलं होतंस तू?"

दाढीवाल्याला डोळ्याचं कळलं होतं. ऑफिसात सगळ्यांनाच कळलं होतं. तो कीबोर्डकडे बघत राहिला.

"काही नाही, काका."

"काहीच नाही?"

"तुम्ही ऐकत नव्हता. वाटलं, झालं म्हटलं की तुम्हालाही बरं वाटेल."

"वाटलं," तराजू म्हणाला.

दाढीवाल्याने मान वर केली नाही. त्याचे कान लाल झाले होते. तराजू थोडा वेळ तिथे उभा राहिला. मग त्याने दाढीवाल्याच्या पाठीवर हात ठेवला की खुर्चीचा आधार घेतला, हे शेजारणीला नीट सांगता आलं नाही.

दुपारी मॅडम जेवायला गेल्यावर त्याने बस कंपनीला स्वतःच फोन लावला. त्याच्या लेखी एका निर्दोष माणसाला आपल्या सांगण्यावरून शिक्षा झाली होती, आणि डोळा गेला म्हणून ती माफ होणार नव्हती. तिकीट खिडक्यांच्या यंत्रांचं बघणारा कारकून फोनवर आला. तराजूने आपलं नाव सांगितलं, अहवालाचं सांगितलं, दोष पानात किंवा ब्राउझरात नव्हता, माझ्या डोळ्यात होता, असं स्पष्ट सांगितलं.

"कसला अहवाल?" कारकून म्हणाला.

तराजूने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"असेल. साहेबांकडे आला असेल. अहो, नवी यंत्रं आली, त्यांत जो ब्राउझर आधीच भरलेला होता तोच सगळीकडे चालू केला."

"कोणता?"

कारकुनाने थांबा म्हटलं, कुणाला तरी हाक मारली, आणि परत येऊन धाकट्याचं खरं नाव सांगितलं.