तोंडापुढे हात

गिरणी बंद पडली तेव्हा तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. आता भिंती घासून, लाकडी जमिनीला तेल पाजून तिथे लोकरीचा मेळा भरवतात. आमच्या कताई खात्यात श्वास घेतला की नाकात तंतू जायचे. तिथेच आता लोक कॉफी पीत हौसेने लोकर हुंगतात. हुंगा बापडे!

जुन्या कामगारांना आमंत्रण होतं. मी काही लोकर बघायला गेले नव्हते. ओठ वाचणारं कोणी उरलंय का, एवढंच मला बघायचं होतं.

खात्यात मशीनचा आवाज एवढा, की आम्ही नुसत्या ओठांनी बोलायचो. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूचं गाऱ्हाणं सांगायची आणि मधल्या सगळ्या हसायच्या. म्हणून खासगी काही असलं की तोंडापुढे आडवा हात धरायचा. नाहीतर सुट्टीच्या आत गिरणीभर बोभाटा. नवराही माझा याच खात्यातला. घरीसुद्धा आम्ही असंच बोलायचो. मुलं झोपलेली असताना फार सोयीचं पडायचं. तो गेल्यापासून कोणी माझ्या ओठांकडे बघतच नाही. लेक फोनवर वैतागते, "आई, काय पुटपुटतेस? मोठ्याने बोल ना!" फोनला ओठ दिसत नाहीत, त्याला मी काय करू?

माझ्या शेजारच्या मशीनवरच्या बाईला आम्ही कात्री म्हणायचो. जीभ तशीच चालायची तिची. ती भेटेल अशी आशा होती. चौकशी केली तर कळलं, हिवाळ्यातच गेली. कामगारांच्या टेबलाशी मी एकटीच. मेळ्याची व्यवस्था बघणारी मुलगी गोड बोलत होती, "आजी, चहा घ्या, बिस्किट घ्या." घेतलं. नाही कशाला म्हणायचं?

मग गंमत म्हणून त्यांनी एक जुनं मशीन सुरू केलं. लोकांनी कानांवर हात ठेवले. माझी पावलं मात्र आपोआप जुन्या जागी गेली आणि मान उजवीकडे वळली, कात्री उभी असायची तिकडे. तिथे आता रंगीत लडींचं दुकान होतं. त्या लडींकडे बघत मी आजवर कोणाला न सांगितलेलं बोलून टाकलं.

"कात्रे, तो गेला गं. घर खायला उठतं. संध्याकाळी अजून दोघांचा चहा टाकते आणि दोन्ही कप मीच पिते."

लोक लोकर निवडत होते. कोणी मान वर केली नाही. फक्त लडींच्या मागे, जिन्याच्या कठड्याला टेकून एक म्हातारी उभी होती, ती माझ्याकडे टक लावून बघत होती. ओळखीची नव्हती, वरच्या विणाई खात्यातली असावी. तिचे ओठ हलले, सावकाश, नव्या बाईला शिकवताना आम्ही हलवायचो तसे.

"अगं बाई, तोंडापुढे हात धर. सगळ्या खात्याला कळलं!"

सवयीने माझा हात वर गेला. मी आजूबाजूला बघितलं. सगळं खातं म्हणजे आता ती आणि मी.

मी हात खाली घेतला आणि तिला विचारलं, "तू गं? तू किती कप टाकतेस?"