आज कुत्रा कोणाकडे?

मी एक खिशातला चाकू बोलतोय. स्वतःला चाकू म्हणवून घ्यायची लाज वाटते, पण दुसरं काय म्हणू? पातं आहे, ते उघडतं, मिटतं, आणि कधी कधी नको त्या वेळी मिटतं. सध्या मी मातीत आहे. माझ्या वर चार बोटं गवत, आणि खाली खोलवर व्हर्लिन टिप्टन. तो ऐकत असेल असं धरून मी बोलतोय. तुम्हीही ऐका, कारण गंज बिजागरीपर्यंत आलाय आणि मला घाई आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. पात्यावर देशाचं नाव छापलं होतं, ते पहिल्यांदा पुसलं तेव्हाच निघून गेलं. अंग पिवळ्या प्लॅस्टिकचं, त्यावर हरणाचं चित्र. छापणाऱ्यानं जन्मात हरीण पाहिलेलं नसावं. शिंगं कानांसारखी लोंबत होती आणि जीभ बाहेर आली होती. अशा थाटात मी टेनेसीतल्या एका पेट्रोल पंपाच्या काउंटरवर, लायटर आणि उकडलेल्या शेंगांच्या मधे टांगलेला होतो. तिथं मला व्हर्लिननं पाहिलं आणि तो एकटाच खो खो हसला.

"हा मला हवाच," तो काउंटरवरच्या बाईला म्हणाला.

"बदलून मिळणार नाही हं," ती म्हणाली.

"बदलायलाच तर नेतोय!"

व्हर्लिन लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला. दर शनिवारी सकाळी तो, हॉबर्ट सॅम्स आणि ओडेल असे तिघं कोर्टासमोरच्या बाकावर बसायचे. देवदाराच्या काटक्या सोलत, थुंकत, गावाची उणीदुणी काढत. त्या भागात म्हाताऱ्यांची एक जुनी रीत होती, बंद मुठीचा सौदा. एकानं मूठ पुढे करून विचारायचं, "बंद मूठ?" दुसऱ्यानं हो म्हटलं की त्यानंही खिशातला चाकू मुठीत घ्यायचा. दोघांनी एकाच वेळी एकमेकांच्या तळहातावर ठेवायचा आणि न बघता खिशात टाकायचा. दोन्ही चाकू खिशात गेले की मगच बघायचं. आणि मग बोंब मारायची नाही.

त्या शनिवारी हॉबर्टनं खिशातून मला काढलं आणि त्याचा चेहराच पडला.

"व्हर्लिन, हे काय आहे लेका?"

"हरीण आहे."

"हे हरीण? हे तर कुत्रं आहे! आणि तेही आजारी."

त्या दिवसापासून माझं नाव कुत्रा पडलं. ओडेलनं नियम काढला की शनिवारी सौदे आटोपल्यावर ज्याच्या खिशात कुत्रा, त्यानं पुढच्या शनिवारी सगळ्यांसाठी सॉसेज घातलेले गरम पाव आणायचे. झालं, मला एकमेकांच्या गळ्यात मारायची चढाओढ सुरू झाली. माझी बिजागरी खुळखुळायची, त्यावरून मी ओळखू यायचो. म्हणून व्हर्लिननं तिथं च्युइंगम भरलं. ओडेलनं मला चामड्याच्या पट्टीनं गुंडाळून महागातला चाकू असल्याचा आव आणला. हॉबर्टनं तर पातं घासून चकचकीत केलं, म्हणजे फसलेला माणूस आणखी चिडावा.

कामाचं विचाराल तर माझ्याकडून कधी काही झालं नाही. देवदाराची काटकी तीनदा ओढली की माझी धार जायची. सफरचंद कापायला घेतलं तर चेंगरायचं. माझ्यानं पावाला मोहरीची चटणी लावली, बुटाचा चिखल खरवडला, एकदा तर रंगाचा डबा ढवळला. पण कोर्टातून उतरणारा वकील असो की भाजीवाली, बाकापाशी येऊन सगळे आधी हेच विचारायचे, "आज कुत्रा कोणाकडे?"

तिघांकडेही बापजाद्यांचे चांगले चाकू होते, हाडाच्या मुठीचे, तेल घालून जपलेले. ते कधी सौद्यात उतरले नाहीत, सौद्याला वेगळे स्वस्तातले चाकू असायचे. हातोहात फिरायचो तो मी. आणि मला ते फार आवडायचं, अगदी मनापासून आवडायचं. उबदार खिसा, तंबाखूचा वास, आणि शनिवारी अंधाऱ्या मुठीत बसून वाटणारी ती धाकधूक.

मग ओडेल गेला. तेव्हा मी त्याच्याकडे होतो. दवाखान्यातून आलेल्या पिशवीत त्याच्या चष्म्याबरोबर मी होतो. त्याची बायको मला चिमटीत धरून बाकापर्यंत आली.

"घ्या बाबांनो तुमचा कुत्रा," ती म्हणाली. "शेवटपर्यंत म्हणत होता, व्हर्लिनच्या गळ्यात मारायचा राहिला."

राहिले दोघं. आता लपवण्यासारखं काय उरलं? मी एकाकडे नसेन तर दुसऱ्याकडे असणार, हे कोणालाही कळतं. तरी दर शनिवारी मूठ पुढे यायची, "बंद मूठ?" आणि खिशातून मला काढून दुसरा कपाळावर हात मारायचा, "मेल्या, पुन्हा फसवलंस!" किती वर्षं त्यांनी हे नाटक केलं! दोघांपैकी एकही कधी चुकून हसला नाही.

मग एका हिवाळ्यात व्हर्लिननं मला हॉबर्टच्या हातावर ठेवलं आणि पुढचा शनिवार त्यानं पाहिला नाही.

दफनाच्या दिवशी हॉबर्टनं मला मुठीत घट्ट धरलं होतं. व्हर्लिनच्या कोटाच्या खिशात मला सरकवायचं हे त्यानं घरूनच ठरवलं होतं. तो उघड्या शवपेटीपाशी उभा राहिला. मूठ पुढे झाली. बोटांच्या फटीतून मला कोटाचं कापड दिसत होतं, एवढं जवळ! तेवढ्यात व्हर्लिनच्या पुतण्याला वाटलं, म्हातारा हात मिळवायला आलाय. त्यानं ती मूठ दोन्ही हातांत धरून हलवली, "आलात, बरं वाटलं." मागून रांग सरकली. हॉबर्ट मूठ तशीच घेऊन पुढे गेला आणि झाकण लागलं.

तेव्हापासून कुत्रा हॉबर्टकडेच अडकला. पाव आणायचे तरी कोणासाठी? तो आणायचा, एक खायचा, उरलेले कबुतरांना टाकायचा. कोर्टाच्या दारात आता धातू शोधणारं यंत्र बसवलं होतं, त्यामुळे कोणी खिशात चाकू ठेवत नव्हतं. मी त्याच्या खिशात पडून वाट बघायचो. कोणाचा तरी हात येईल म्हणून.

मग रमोना आली, हॉबर्टची मुलगी. ओहायोला राहते. म्हातारा दोनदा पडला होता, तिचंही चूक नव्हतं.

"डॅडी, तिथल्या वृद्धाश्रमातली खोली छान आहे. खिडकीतून झाडं दिसतात."

"आणि खिशातला चाकू?"

"तिथं चाकू चालत नाहीत. आजोबांचा चांगला चाकू मी जपून ठेवीन."

"आणि हा?"

तिनं मला पाहिलं. "हा? डॅडी, हा फेकायचा आहे ना?"

चांगल्या चाकूचं बरं असतं, त्याला घर मिळतंच. मी मात्र हॉबर्टच्या हातात थिजून गेलो. हॉबर्ट एवढंच म्हणाला, "शनिवार होऊ दे. मग निघू."

तो शेवटचा शनिवार मी विसरणार नाही. हॉबर्ट येणाऱ्याजाणाऱ्यापुढे मूठ धरत होता. "बंद मूठ? काहीही चालेल. किल्ली चालेल, बटण चालेल!" एका तरुण वकिलानं फोन दाखवला, "माझ्याकडे एवढंच आहे, आजोबा." एक बाई लेकराला ओढून पलीकडे गेली. शेवटी पोलीस आला आणि हळूच म्हणाला, "काका, बसा बघू. लोक घाबरतायत." हॉबर्टनं पुन्हा मूठ पुढे केली आणि आत मी खुळखुळलो. कोणीतरी हो म्हणा रे, एकदा म्हणा, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

आणि तेव्हाच कर्टिस आला. टोपीवाला, पोट सुटलेला, डोळे मात्र लहान पोरासारखे. त्याला भिकार चाकू गोळा करायचा नाद होता. ओडेलच्या बायकोनं त्याला माझं नाव सांगितलं होतं.

"हाच का तो कुत्रा?" त्यानं मला तळहातावर घेतलं, अगदी हळू. "अहाहा! काय वाईट आहे हो!"

आयुष्यभर मला लोक हसले. इतक्या मायेनं वाईट कोणी म्हटलं नव्हतं.

"कशाला पाहिजे तुला?" हॉबर्टनं विचारलं.

"काका, चांगले चाकू लोक जपतात, मुलांना देतात. असले फेकतात. मग ते उरतच नाहीत. आणि खरं सांगू? चांगला चाकू हातात घेतला की मीच कमी पडतो असं वाटतं. यांच्यात बसलं की बरं वाटतं. भिंतभर काचेच्या पेट्या आहेत माझ्याकडे. हा मधोमध बसेल. मागाल ते देतो."

"पैसे नकोत. बंद मूठ?"

कर्टिस घुटमळला. "माझ्या खिशात बायकोनं दिलेला चाकू आहे. तो नाही देता येणार."

"मग दुसरं काही."

"काका, न बघता मी काही घेत नाही. मला बघायलाच आवडतं."

"याला बघायचं नसतं रे," हॉबर्ट म्हणाला. "याला द्यायचं असतं."

"अहो, गंजून मातीत जाईल तो!" कर्टिसचा आवाज चिरकला. त्याला माझं खरंच वाईट वाटत होतं. हॉबर्टनं त्याच्या हातातून मला उचललं. काचेमागे मी शंभर वर्षं टिकलो असतो. पण एक हातही लागला नसता. नको होतं मला ते, आणि गंजून मातीत जाणंही नको होतं. मला बाक हवा होता, ते तिघं हवे होते, आणि ते काही कोणी देऊ शकत नव्हतं.

जाता जाता हॉबर्टनं गाडी दफनभूमीपाशी थांबवायला लावली. रमोना इंजिन चालू ठेवून बसली. तो व्हर्लिनच्या दगडापाशी कसाबसा गुडघ्यांवर बसला, त्यानं मला उघडलं आणि गवतात खुपसलं. मी खणू लागलो. माझ्या हातून झालेलं हे एकमेव खरं काम. तांबडी माती घट्ट होती. माझं टोक तुटलं, तरी मी खणलं, स्वतःसाठीच खड्डा खणला. मग त्यानं मला मिटलं, मुठीत घेतलं, आणि मूठ खड्ड्यावर धरली.

"बंद मूठ, व्हर्लिन?"

त्यानं मला आत ठेवलं, माती लोटली. मग दुसरा हात पुढे केला, तळवा वर. थोडा वेळ तसाच ठेवला. हळूहळू बोटं मिटली आणि न बघता ती मूठ त्यानं कोटाच्या खिशात घातली.

"कुत्रा आता तुझ्याकडे," तो म्हणाला. "शनिवारी पाव तू आणायचेस." आणि माझ्या अंगावरची माती थोपटत तो रडला. इतकी वर्षं दाबलेलं सगळं रडला.

गाडीचं दार उघडलं तेव्हा रमोनाचा आवाज आला, "डॅडी, खिशात काय आहे?"

"अजून बघितलं नाही."

दार लागलं. गाडी गेली.

कर्टिस म्हणाला तेच होतंय, मी गंजतोय. हरणाचं तोंड गेलं, आता कान तेवढे राहिलेत. व्हर्लिन, मी तुझ्यापर्यंत पोचलेलो नाही रे. मधे केवढी माती आहे! हॉबर्ट तिकडे मूठ मिटून बसला असेल, तू सौदा पुरा करशील या भरवशावर. जरा हात वर कर. एकदाच कर. मला खिशात टाक आणि कपाळावर हात मारून म्हण, मेल्या, पुन्हा फसवलंस.