किनारीतली वाट

सुगराने बोटाला थुंकी लावून रेघ घासून पाहिली. रेघ जाईना. काळ्याभोर किनारीच्या वरच्या कोपऱ्यात, आतल्या करड्या भागापासून थेट कडेपर्यंत, एकच फिकट धागा आरपार गेला होता. बाकी गालिचा चारी बाजूंनी कसा सारखा, देखणा. नेमकी इथेच माशी शिंकलेली.

"ओ अलिनाचे अब्बा, ब्लीच सांडलात ना?"

यूसुफ चहा फुंकत होता. कुवेतच्या मिरकाब भागातल्या त्यांच्या खोलीखालीच गालिचे धुण्याचं दुकान होतं. तो तिथे धुलाई करायचा आणि उसवलेलं, फाटलेलं सुगरा वर बसून सांधायची.

"मी काय सांडला नाय. रेघ पैल्यापासून व्हती."

"अल्लाची कसम?"

"कसम कशाला? सांगतोय ना."

झालं! सुगराला काय ते कळलं. मागच्या वर्षी इराणी गालिच्यावर याने तेजाब सांडलं, वर कसम खाऊन कानांवर हात ठेवले आणि दोन दिवसांनी रडत कबूल केलं. तेव्हा मुदीरने, म्हणजे दुकानाच्या मॅनेजरने, दम भरला होता, पुन्हा असं झालं तर थेट गावचं तिकीट. आता तर डोळेही अधू झालेले. बाटलीवरचं नाव हात लांब करून वाचतो. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार?

तो खाली गेल्यावर तिने रंग जुळवून काळी लोकर काढली आणि त्या फिकट धाग्यावर टाके घालत कडेपर्यंत गेली. काम असं बेमालूम, की तिचं तिलाच कौतुक वाटलं. नवऱ्याला वाचवलं, आणि त्याला पत्ताही लागू दिला नाही.

गुरुवारी लोरेना मॅडम गालिचा न्यायला आल्या. अहमदी गावातल्या शाळेत शिकवणाऱ्या अमेरिकन बाई, अमेरिकेतल्या मूळच्या नवाहो लोकांपैकी. गालिचा त्यांच्या आईने विणलेला. सुगरा तो घेऊन खाली आलीच होती. मॅडमनी किनारीवरून हात फिरवला आणि कोपऱ्यात त्यांचा हात थांबला. त्या इंग्रजीत हळूहळू बोलू लागल्या. यूसुफ मान खाली घालून एकेक वाक्य बायकोला सांगू लागला.

"बोलतात, हितं रेघ व्हती. आईनं मुद्दाम ठेवलेली."

सुगराने कोपऱ्यातल्या आपल्या टाक्यांकडे पाहिलं.

"बोलतात, विणताना बाई सगळा जीव त्यात घालते. चारी बाजूनी बंद केला तर जीव आतच अडकतो. म्हणून वाट ठेवायची. जीव लावायचा, पण बाहेर पण यायचा. असा तोल धरून जगायचा, आई सांगायची." तो थांबला. "आई आता नाय."

'मी सांगत नव्हतो?' एवढं तरी त्याने म्हणायला हवं होतं. म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

काउंटरमागून मुदीर कडाडला, "किसने किया?"

सुगराने तोंड उघडलं, त्याआधीच यूसुफ म्हणाला, "मैंने बोला था उसको. मेरी गलती."

मुदीरने त्याला संध्याकाळी ऑफिसात यायला फर्मावलं.

सुगरा तिथेच फरशीवर बसून टाके उसवू लागली. यूसुफने समोर बसून कोपरा उजेडाकडे ताणून धरला.

"खोटं कशाला बोललात?" तिने हळूच विचारलं.

"तू इचारलास तवा खरंच बोललो व्हतो."

काळा धागा निघत गेला. खालची रेघ शाबूत होती. शेवटचा टाका निघाला तरी यूसुफ कोपरा धरूनच बसला होता, आणि सुगराला मान वर करवेना.